नऊची होडी

किटली जळली, एवढंच खरं तर झालं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. घरात तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. तेवीस वर्षांची झाली, नोकरीला लागली, तरी चिमणीच. ती म्हणाली, "मावशी, कामात आहेस का? दोनच मिनिटं. काल आईने किटली जाळली." मी म्हटलं, "मग नवी घ्या." "तसं नाही गं. आई तिथेच होती. शेगडीकडे पाठ करून टेबलाशी पेपर वाचत होती. किटली शिट्ट्या मारून मारून थकली, मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होतं. पाणी आटलं, बूड काळं पडलं, तेव्हा कुठे ती उठली. आणि मी धावत खाली आले तर मलाच विचारते, कसला गं वास येतोय?" मग तिने विचारलं, "आज तिला तुझ्याकडे घेऊन येऊ?" माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला, "माझ्याकडेच यायचं, असं ती म्हणाली?" "हो. म्हणाली, जायचंच आहे तर तिच्याकडेच जाऊ." मी चारची वेळ दिली. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मी उभीच होते, आणि काचेपलीकडे बसलेले गृहस्थ हातात बटण धरून, काही ऐकू येईल म्हणून, शहाण्यासारखे वाट बघत होते.

मी लोकांचे कान तपासते. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे माझी खोली आहे, आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. जाड दाराची, आतून भोकाभोकांचे पत्रे लावलेली, एका खुर्चीपुरती. तिला दुहेरी काचेची खिडकी. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर यंत्रापाशी मी. मी आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. मग आवाज बारीक करत न्यायचा, दिवा लागेनासा होईपर्यंत. कागदावर खुणा करायच्या, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. लोक फसवतात. मुद्दाम नाही, हरायला कोणालाच आवडत नाही म्हणून. माझ्या खांद्याकडे बघून अंदाजाने बटण दाबतात, त्यामुळे खांदा न हलवता काम करायला मी शिकले आहे. शब्द ऐकवायचे असतात तेव्हा तोंडासमोर कार्ड धरते, ओठ दिसू नयेत म्हणून. आणि बरोबर आलेली नवरा-बायको-मुलं ठरलेलं एकच वाक्य बोलतात, 'हवं तेवढं बरोबर ऐकू येतं हो यांना.' मी हसून म्हणते, तसं नसतं. त्या सकाळीही त्या गृहस्थांच्या बायकोला म्हटलं, आणि म्हणताना जीभ अडखळली. कारण हेच वाक्य एकदा मी माझ्या बहिणीला ऐकवलं होतं, चारचौघांत, धक्क्यावर उभी राहून. तेव्हाही मला या खोलीत बसून चौदा वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवा कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

तेरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भावोजींच्या, म्हणजे ताईच्या यजमानांच्या, डोक्यात तंबूचं खूळ शिरलं होतं. कुणा सहकाऱ्याकडून दोन तंबू मागून आणले, एक भलीमोठी कढई आणली, आणि पाण्याकाठच्या झाडीत चार दिवस राहायचं ठरवलं. ताई, भावोजी, दहा वर्षांची चिमणी, आणि मी. माझा नवरा का येत नाही, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, कामासाठी दुसऱ्या गावी गेलाय. तो गेला होता हे खरं. तीन महिन्यांपूर्वी, दोन बॅगा आणि त्याचा टेबललॅम्प घेऊन. लॅम्पची जागा टेबलावर गोल, स्वच्छ राहिली होती, आणि बाकीच्या टेबलावर धूळ साठत असताना मी त्या गोलाभोवतीच फडकं फिरवत असे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, कामावर नाही. ताईला सांगायचं होतं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणापासून माझं जे काही फुटलं, हरवलं, बिनसलं, ते आधी तिच्या कानावर जायचं आणि मग घरात त्याला पाय फुटायचे. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी तंबूत झोपायला तयार झाले, नाहीतर मला जमिनीवर झोपायची हौस नाही.

पहिल्या दिवशी भावोजींनी तंबू तीनदा उभा केला आणि तो तीनदा बसला. चौथ्यांदा उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "हा माझा. मी घोरतो, म्हणून मला एकट्याला. तुम्ही तिघी त्यात." मी म्हटलं, "ताईला सवय असेल की." त्यावर ते म्हणाले, "हल्ली तिला माझं घोरणं ऐकूच येत नाही. वर्षभर तक्रार नाही. संसार सुखाचा झाला बघ." आम्ही हसलो. ताईही हसली, आमच्या मागून, अर्ध्या क्षणाने. आता आठवतं की त्या वर्षी ती प्रत्येक विनोदाला अशीच मागून हसत होती. झाडाला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी बसायची. कढईत काहीतरी परतताना तिला हाक मारली तर ओ द्यायची नाही. मला वाटायचं, आता आपल्या बोलण्यात तिला रस उरला नाही. मोठ्या बहिणींचं होतं तसं, आपल्या मुलीत आणि आपल्या शाळेत जीव गुंतला की धाकटीचं रडगाणं कोण ऐकणार. ताई लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, पहिलीचा वर्ग, आणि तिच्यासारखं शिकवणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. घरी येऊन प्रत्येक पोराची नक्कल करून दाखवायची, आवाजासकट. त्या चार दिवसांत तिने एकही नक्कल केली नाही. तेही मी पाहिलं, आणि कानामागे टाकलं.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तंबूत शिरलो. चिलटं येतात म्हणून ताईने लगेच दिवा मालवला. मधे चिमणी, पाठ टेकताक्षणी झोपलेली. मी कापडाकडे तोंड करून आडवी झाले. तोंडासमोर सांगायचं धैर्य मला नव्हतं, आणि अंधार त्यासाठी बरा वाटला. चिमणी जागी होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात मी म्हटलं, "ताई, तो गेला. तीन महिने झाले. परत येईलसं वाटत नाही. मी कोणालाच सांगितलं नाही गं." थोडं थांबून म्हटलं, "मी काय करू? तूच सांग." बाहेर पाणी काठाला लागत होतं, त्याचा आवाज येत होता. ताई जागी होती. तिचा श्वास मला कळत होता. मी वाट बघितली. माझ्या पाठीवर हात येईल असं वाटलं. मग ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात, जरा मोठ्यानेच, "झोप आता. होडी नऊची आहे."

एवढंच. मी डोळे उघडे ठेवून कापडाचा काळा उतार बघत राहिले. सकाळी आम्ही बेटावर जाणार होतो, होडी नऊची होती, हे खरंच होतं. खोटं असतं तर बरं, असं काहीतरी मला वाटलं. पुढे किती वर्षं त्या वाक्याला मी नवे नवे अर्थ लावत बसले. तिला माझी लाज वाटली. तिला आधीच माहीत होतं. तिच्या मते चूक माझीच. किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, तिला खरंच होडीचीच काळजी होती. माणसाच्या मनाला एक वाक्य किती दिवस पुरतं, याचा मला तोवर अंदाज नव्हता.

त्या बेटावर मोटारी न्यायला बंदी आहे. होडीतून उतरलं की धक्क्यावर हातगाड्या ओळीने उभ्या, ज्याने त्याने आपलं सामान त्यावर टाकायचं आणि ढकलत न्यायचं. टपालवाला सायकलवर, दूधवाला सायकलवर, गवंडीसुद्धा सायकलला मागे लाकडी पेटी जोडून विटा नेणारा. रस्ते होते, चांगले फरसबंद, दोन्ही बाजूंना बुटकी कुंपणं आणि निळी-पांढरी दारं; पण रस्त्यावर एकही मोटार नव्हती, कसला आवाज नव्हता. मला ते सहन होईना. मी रोज आठ तास बंद खोलीशी काम करणारी बाई, मला शांततेची भीती वाटायचं कारण नव्हतं, पण ती शांतता मी मोजलेली नव्हती. तिच्यात रात्रीचं वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. आणि ताई रस्त्याच्या मधोमध चालत होती. हात मोकळे सोडून, टोपी मागे सरकवून, लहान मुलगी सुट्टीत चालते तशी. मागून पाववाला घंटी वाजवत आला; ती हलली नाही. तो बाजूने वळसा घालून गेला आणि जाताना टोपीला हात लावून हसला. तिथे कोणी कोणावर खेकसत नव्हतं. ताई त्याच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "इथे राहायला हवं होतं." माझ्या मनात आलं, माझ्या घराला आग लागलीय आणि हिला हवा आवडलीय.

दुपारी दीपगृहापर्यंत चढून गेलो. चिमणीने शिंपले गोळा केले, भावोजींनी बूट काढून पाण्यात पाय सोडले. परतीची होडी पाचची. त्यानंतरची साडेसातला. साडेचारला आम्ही निघालो, तर ताई पुढे निघून गेलेली, काठाकाठाने, खडकांवरून. मी हाक मारली. वारा नव्हता, गाड्या नव्हत्या, हाक पलीकडच्या घरांपर्यंत गेली. एका खिडकीतून कोणीतरी डोकावलं. ताई पाठमोरी चालत राहिली. मी तीनदा हाक मारली, चौथ्यांदा नुसती ओरडले. शेवटी चिमणी धावत गेली आणि तिचा हात धरून तिला घेऊन आली. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा होडीने दोर सोडला होता, आमच्यात आणि तिच्यात चार हात पाणी. मागे राहिलेली आणखी पाचसात माणसं होती. बाकांवर बसून ती आमच्याकडे बघत होती. भावोजी म्हणाले, "बरं झालं, अजून अडीच तास फुकट." कोणी हसलं. मी हसले नाही. मी ताईसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुला हवं तेवढंच ऐकू येतं. दुसऱ्याने जीव तोडून सांगितलं तरी तुझ्यासाठी ते पालथ्या घड्यावर पाणी. कोणाचंही ऐकायचं नाही हे तू ठरवलंच आहेस. वर्गात त्या पोरांचं तरी ऐकतेस की तिथेही हेच?" भावोजी म्हणाले, "अगं, होडीच चुकलीय." ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. एकटक, ओठांकडे. तिचा चेहरा असा उतरला की बाकावरची एक बाई उठून तिला बसायला जागा देऊ लागली. ताई बसली नाही. म्हणाली, "नाही ऐकत." मग चिमणीच्या हातातले शिंपले घेऊन ती एकेक पुसत राहिली. साडेसातच्या होडीत आम्ही वेगवेगळ्या बाजूंना बसलो. उरलेले दोन दिवस मी डोकेदुखीच्या नावावर काढले.

पुढच्या सत्राला तिने शाळा सोडली. कंटाळा आला, असं कळवलं. मला ते तिच्या नव्या स्वभावाला साजेसं वाटलं. सहा महिन्यांनी मी आईला नवऱ्याचं सांगितलं, तेव्हा ताईचं दोन ओळींचं पत्र आलं. 'आईकडून कळलं. वाईट वाटलं. काळजी घे.' मी ते पत्र हातात धरून हसले, एकटीच. आईकडून कळलं म्हणे. तंबूत काय मी कापडाला सांगितलं होतं? मग आमचं सगळं रीतीपुरतं झालं. वाढदिवसाला मेसेज, आजारपणात मेसेज. फोन केला तर ती उचलायची नाही. पाच मिनिटांनी दोन शब्द यायचे, 'काय म्हणतेस?' मीही दोनच शब्द पाठवायचे. आई गेली तेव्हा आम्ही दोघी एका खोलीत तीन दिवस होतो, माणसांची ये-जा चालू होती, आणि ताई प्रत्येकाकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं, केवढी शांत आहे ही. मी लोकांना सांगायचेसुद्धा, माझी बहीण फार अलिप्त आहे. अलिप्त हा शब्द मला बरा सापडला होता, त्यात तिचा मान राहायचा आणि माझा राग भागायचा.

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा त्या दोघी आल्या. काचेच्या दारातून मी त्यांना येताना पाहिलं. ताई सत्तावन्न वर्षांची झाली आहे. केस आखूड कापलेत, कानांवर घेतलेत. चिमणी तिच्या डाव्या बाजूने चालत होती आणि बोलताना चेहरा तिच्याकडे वळवत होती, आपण हे करतो आहोत याची तिला कल्पनाही नसावी. मी खुर्ची पुढे केली. ताई म्हणाली, "रोडावलीस." मी म्हटलं, "तू नाही." तिला ते समजलं, ती हसली, या वेळी वेळेवर. मी चिमणीला बाहेरच्या काउंटरवर नोंदणीला पाठवलं आणि ताईला आत बसवलं. हेडफोन लावताना तिचे केस बाजूला सारावे लागले. लहानपणी ती माझ्या वेण्या घालायची. मी तिच्या केसांना कधी हात लावला होता, मला आठवेना. दार लावलं. यंत्रापाशी बसले. खांदा न हलवता काम करायचं, एवढंच मनाशी म्हटलं.

जाड आवाजांना तिने पटापट बटण दाबलं. मग मी वर सरकले, मधल्या आवाजांकडे, आणि दिवा उशिरा लागू लागला. आणखी वर, किटलीची शिट्टी असते तिथे, सायकलची घंटी असते तिथे, सहा वर्षांच्या पोरांचे आवाज असतात तिथे, दिवा लागेचना. मी आवाज वाढवत गेले. काचेपलीकडे ताई डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, जीव एकवटून ऐकत होती. तिने एकदाही फसवलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग तोंडासमोर कार्ड धरून मी शब्द वाचले. मी 'साप' म्हटलं, ती 'आप' म्हणाली. 'फूल' म्हटलं, ती थोडं थांबली आणि म्हणाली, "माहीत नाही." असे पंचवीस शब्द. कागदावरची रेषा जिना उतरावा तशी उजवीकडे खाली गेली होती, दोन्ही कानांची, लाल आणि निळी शेजारी शेजारी. अशी रेषा एका वर्षात उतरत नाही. मी तिच्याकडे बघत बसले आणि हिशोब न करताही कळत गेलं. तेरा वर्षांपूर्वी ती इतकी खाली नसेल. पण अंधारात, पाठ फिरवून, पोर उठू नये अशा बेताने केलेली कुजबूज बुडायला पुरेल इतकी खाली नक्की होती. तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. तेरा वर्षं मी ज्या उत्तरावर जगले, ते माझ्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा मी नमुन्याची श्रवणयंत्रं काढली, ती तिच्या रेषेप्रमाणे लावली आणि कानांमागे बसवली. कागद सरकवला तर ती दचकली. "हे काय वाजलं?" "कागद." "एवढा वाजतो?" मी म्हटलं, "वाजतो. सवय होईल." मग प्रत्येकाला विचारते तसं, फॉर्मवर डोळे ठेवून, मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "बेटावर गेलो होतो ना, त्याच्या आधीच्या वर्षापासून." मी पेन खाली ठेवलं. ती बोलत राहिली, स्वतःच्याच आवाजाला बुजत, हळूहळू. "वर्गात एक चिमुरडी होती, आवाज सुईसारखा. तिने तीनदा विचारलं, बाई, बाहेर जाऊ का. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मला ऐकू गेलं नाही. ती जागीच ओली झाली. पोरं हसली तेव्हा मी वळले. ती रडत म्हणाली, मी विचारलं होतं, बाई ऐकत नाहीत." ताईने कानामागचं यंत्र चाचपलं. "त्यानंतर महिनाभराने आपण तंबूत गेलो. तुला सांगायचं होतं. तूच काय ते सांगशील म्हणून. परतीच्या होडीत सांगायचं ठरवलं होतं मी."

पाचच्या, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. मी विचारलं, "भावोजींना?" "यांना सांगितलं असतं तर आख्ख्या गल्लीला कळलं असतं." मग ती म्हणाली, "ते बेट मला फार आवडलं होतं गं. रस्त्यावर चालायची भीती वाटायची त्या वर्षी, मागून काय येतंय कळायचं नाही. तिथे दिवसभर खांदे सैल सोडून चालले. खूप दिवसांनी दमले नव्हते." मी म्हटलं, "ताई, धक्क्यावर मी जे बोलले." ती म्हणाली, "खरंच होतं की. ते तुला कसं कळलं, याचंच मला नवल वाटत राहिलं. वाटलं, ही रोज हेच बघते, हिने ओळखलंय. ओळखून असं बोलली, मग आता हिला काय सांगायचं." मग मान तिरकी करून, लहानपणी माझा ताप बघायची तशी, तिने विचारलं, "पण एवढी का चिडली होतीस? नुसती होडी चुकली म्हणून?"

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. खोलीत पुरता उजेड होता, माझ्या तोंडासमोर काही नव्हतं. मी सांगितलं. आदल्या रात्री दिवा मालवल्यावर मी काय म्हटलं होतं ते, शब्दाला शब्द. ते मला पाठच होतं. तो गेला, तीन महिने झाले, मी काय करू, तूच सांग. ताई ऐकत होती. "आणि मी काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झोप आता, होडी नऊची आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसत सुटलो, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या चिमणीने काचेतून आत बघितलं. हसणं मधेच ओसरलं. ताईने डोळे पुसले. "मला कळलं होतं तू काहीतरी बोललीस. वाटलं, सकाळचं विचारतेयस. पुन्हा सांग म्हणायची चोरी झाली होती. त्या वर्षी किती जणांना पुन्हा सांग म्हटलं होतं मी." मग म्हणाली, "माझ्याकडे ये, म्हटलं असतं मी. मागची खोली रिकामीच होती. त्याला परत बोलावू नकोस, असंही म्हटलं असतं. बोलावलंस ना?" "दोनदा." "आला?" "एकदा. पुस्तकं न्यायला." ताईने मान हलवली, जणू हे आत्ताच घडत होतं आणि तिला त्यावर काही करायचं होतं.

मग तिने ते विचारलं. टेबलावरचा रेषांचा कागद स्वतःकडे ओढून घेतला, बोटाने तो जिना उतरली, आणि म्हणाली, "तेव्हाच आले असते तुझ्याकडे, तर शाळा राहिली असती का?" ती माझ्या ओठांकडे बघत नव्हती. डोळ्यांकडे बघत होती. या खोलीत मी सत्तावीस वर्षांत पुष्कळांना पुष्कळ प्रकारे सांगितलं आहे की झालं ते झालं, आता पुढचं बघू. माझ्याकडे ती वाक्यं तयार असतात. मी म्हटलं, "राहिली असती. तेव्हा साध्या यंत्रावर भागलं असतं." ती "हं" म्हणाली. कागदाची घडी घालू लागली, मग तो माझा आहे हे आठवून तिने तो पुन्हा सपाट केला आणि तळहाताने नीट दाबला. बराच वेळ दाबत राहिली. मी तिच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, हे मला कळत होतं.

दार ढकलून चिमणी आत आली, हातात नोंदणीचे कागद. तिने आळीपाळीने आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि चेहरा आईकडे वळवून, रोजच्या सवयीने जरा मोठ्याने विचारलं, "झालं का? काय म्हणाली मावशी?"

ताई म्हणाली, "ओरडू नकोस, ऐकू येतंय." मग पर्स उचलून उभी राहिली, माझ्याकडे न बघता साडीची निरी सारखी केली, आणि मुलीला म्हणाली, "मावशी म्हणतेय, आपण अगदी वेळेवर आलो."